हिरकणी घरी पोहोचल्यावर

कोजागरीला महाराष्ट्रात दोन गोष्टी हमखास होतात. गच्चीवर, अंगणात नाहीतर सोसायटीच्या आवारात दूध आटते आणि कुठे ना कुठे हिरकणीची गोष्ट निघते. रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत ती वेगळी सांगावी लागत नाही. मान वर केली की कडा समोरच असतो. रोपवेचे खालचे स्थानक याच वाडीत आहे. १९९६पासून पर्यटक पाळण्यात बसतात, चार-पाच मिनिटांत गडावर उतरतात आणि मधल्या वेळात खालची दरी बघून एकदा तरी डोळे मिटून घेतात.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कोजागरीचा दिवस, गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्य मावळताच बंद झालेले दरवाजे, घरी पाळण्यात तान्हे मूल. पहारेकऱ्यांनी नाही म्हटले आणि बाई कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिला साडीचोळी देऊन गौरवले आणि ती उतरली त्या जागी बुरुज बांधून घेतला. ही दंतकथा आहे, अस्सल कागदांचा आधार तिला नाही, हे मान्य. बुरुज मात्र उभा आहे आणि त्याला हिरकणीच म्हणतात.

गोष्ट सांगणारे सगळे बुरुजापाशी येऊन थांबतात. शौर्य झाले, सत्कार झाला, टाळ्या झाल्या. ती घरात शिरली, खरचटलेल्या हातांनी बाळाला पदराखाली घेतले आणि पुढच्या तासाभरात तिच्या जिवाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. आम्हाला आज त्या तासाबद्दल लिहायचे आहे. निमित्तही आहे. कोजागरी बहुतेकदा ज्या महिन्यात येते, त्याच ऑक्टोबरच्या १० तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. शिवाय सध्या ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ‘कॉर्टिसॉल कमी करा’ असे सांगणारी माणसे गोळ्या, चहा आणि पावडरी विकत आहेत. कॉर्टिसॉल म्हणजे शरीरात शिरलेला कोणी चोर, असा त्यांचा सूर असतो.

तो चोर नाही. तो नसता तर हिरकणी कड्याच्या अर्ध्यावरच गळून पडली असती.

टोकावर उभ्या राहिलेल्या त्या बाईच्या शरीरात काय घडले असेल, हे वैद्यकशास्त्र आज बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकते. पहिल्या काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन धावते. छाती धडधडते, श्वास वाढतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते. त्यामागोमाग दुसरी साखळी हलते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप देते आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात उतरते. याला काही मिनिटे लागतात; पातळी सर्वांत वर जायला वीस-तीस मिनिटे. हे संप्रेरक यकृताला सांगते, साखर सोड. पचन, वाढ, जखम भरणे ही कामे मागे टाकली जातात आणि सगळी शिल्लक आत्ताच्या घडीसाठी मोकळी होते. कडा उतरायला तासभर लागला असेल तर त्या तासाची शिदोरी कॉर्टिसॉलने पुरवली.

हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९१५च्या सुमारास या अवस्थेला ‘लढा किंवा पळा’ असे सुटसुटीत नाव दिले आणि ते जगभर रुजले. हिरकणी या सूत्रात बसत नाही. ती पहारेकऱ्यांशी लढली नाही आणि पळून जीवही वाचवला नाही. उलट जीव धोक्यात घालून बाळाकडे गेली. २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच मांडले की, जुने सूत्र बरेचसे नर प्राण्यांच्या आणि पुरुषांच्या अभ्यासावर उभे आहे. संकटात जवळच्यांना सांभाळणे आणि सोबत शोधणे हीदेखील ताणाला शरीराने दिलेली प्रतिक्रियाच आहे. आपल्याकडे ही गोष्ट शाळेच्या वयातच कानावर पडते, फक्त तिला शास्त्र म्हणायचे कोणाला सुचले नाही.

आता ती घरी पोहोचली. आपले काम झाले हे ओळखण्याची सोय या यंत्रणेत आधीपासूनच आहे. कोजागरीच्या रात्री कढईतले दूध वर येऊ लागले की चुलीपाशी बसलेली बाई एक लाकूड मागे ओढते. तसेच रक्तातले कॉर्टिसॉल वाढले की मेंदूलाच त्याची खबर लागते आणि वरून येणारे निरोप मंदावतात. आधी आलेले कॉर्टिसॉल साधारण तासा-दीड तासाला निम्मे होत जाते. बाळाला पाजायला घेतल्यावर तर आणखी काही घडते. २००१मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या आयांचे दोन गट केले. एका गटाने बाळाला पाजले, दुसऱ्याने नुसते मांडीवर घेतले. मग दोन्ही गटांना अनोळखी परीक्षकांपुढे भाषण करायला आणि तोंडी गणिते सोडवायला लावली. ज्यांनी नुकतेच पाजले होते त्यांचे कॉर्टिसॉल त्या परीक्षेतही कमीच चढले. म्हणजे हिरकणीने बाळ वाचवले हे खरे, आणि बाळाने तिला शांत केले हेही तितकेच खरे.

ती रात्र भयंकर होती, पण ती संपली. आपल्या ताणांचे दुखणे नेमके इथे आहे. ते कड्याइतके उंच नसतात आणि त्यांना पायथाही नसतो.

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला हे समजावायला परदेशी संशोधनाची गरज नाही. २२ जुलै २०२१ला तळीये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच रात्री पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्याखाली होते. त्यानंतर तळीयेची कुटुंबे दीर्घकाळ कंटेनरच्या घरांत राहिली. त्याआधी, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला होता. नवा पूल सहा महिन्यांत उभा राहिला, हे कौतुकास्पदच. पण जुलैच्या रात्री पावसाचा आवाज बदलला की दरडीखालच्या वाड्यांमध्ये आजही लोक उठून बसतात, बॅटरी घेऊन ओहोळाचे पाणी गढूळ झाले का बघून येतात. पहाटे पाऊस ओसरतो, काही झालेले नसते, आणि माणूस तसाच कामाला जातो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. या शरीराला काम झाले असे कोणी कळवायचे?

अमेरिकेतल्या ब्रूस मॅकएवन यांनी १९९३पासून या साचत जाणाऱ्या झिजेचा हिशेब मांडला. दर वेळी थोडे चढलेले आणि पुरते न उतरलेले कॉर्टिसॉल पोटावर चरबी, रक्तदाब आणि साखर वाढवते, झोप मोडते आणि आठवण सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागालाही पोखरते. केसांतून त्याची नोंद वाचता येते, हे तर नवलच. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळापासूनचा पहिला सेंटिमीटर गेल्या महिन्याचे कॉर्टिसॉल सांगतो, दुसरा त्याआधीच्या महिन्याचे. २०११मध्ये नेदरलँड्समध्ये पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कामगारांचे केस तपासले, तेव्हा तरुण कामगारांमध्ये ही पातळी दिवसपाळीवाल्यांपेक्षा जास्त निघाली. महाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी एसटीत खिडकीला डोके टेकून झोपणाऱ्या पोरांना हे कळले तर ते म्हणतील, केस कशाला कापता, आम्हालाच विचारा की.

कॉर्टिसॉल चढवते कोण, याचेही उत्तर शोधले गेले आहे. २००४मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. नुसते कष्टाचे किंवा डोक्याला त्रास देणारे काम फारसे चढवत नाही. जिथे आपल्या हातात काही नसते आणि वर चारचौघे आपल्याला जोखत असतात, तिथे ते सर्वांत जास्त चढते आणि उतरायला सर्वांत जास्त वेळ घेते. हातात काही नाही आणि लोक काय म्हणतील. लग्नाचे वय उलटत चाललेला, मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारा आणि शिमग्याला-गणपतीला गावी आल्यावर ‘काय, कंपनीत पर्मनंट झालास का?’ हा प्रश्न दर दहा पावलांवर झेलणारा चाकरमानी या २०८ अभ्यासांत कुठेच नसेल. तरी ते सगळे त्याच्याचबद्दल आहेत.

मग करायचे काय? सवयींचा भाग खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये आणि त्याचे देव्हारेही माजवू नयेत.

सगळ्यात आधी झोप. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटे चढू लागते आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात टोकाला जाते. रक्तचाचणीला सकाळी आठचा नमुना मागतात तो यासाठी. १९९७मध्ये शिकागो विद्यापीठात तरुणांना एक रात्र चारच तास झोपू दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, म्हणजे जेव्हा ते उतरायला हवे तेव्हाच, त्यांचे कॉर्टिसॉल ३७ टक्क्यांनी वर होते. अजिबात झोपू न दिलेल्यांचे ४५ टक्क्यांनी. जागरणाची किंमत त्याच रात्री वसूल होत नाही, ती दुसऱ्या संध्याकाळी येते, घरच्यांवर वसकन ओरडताना. कोजागरीचे जागरण वर्षातून एकदाचे आहे, चंद्र आहे, गप्पा आहेत, मसाला दूध आहे. त्यावर आमचे काही म्हणणे नाही. पण उरलेल्या रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन जी एकेकट्याची कोजागरी चालते, ती सोडता आली तर दुसऱ्या कुठल्या पावडरीची गरज कमी पडेल.

मग चालणे. इथे एक बारकावा आहे. रमतगमत, बोलत बोलत चालण्याने कॉर्टिसॉल उतरते. धाप लागेपर्यंत जोर काढला तर तेवढ्यापुरते चढते. ते चढणे वाईट नाही, कारण त्याला शेवट असतो आणि शरीर त्याने कणखर होते. पण शनिवारी रात्री मुंबईहून गाडी हाकत यायचे, दोन तास झोपायचे, चित दरवाजापासून घड्याळ लावून पायऱ्या चढायच्या, वर सेल्फी आणि खाली येऊन पुन्हा माणगावच्या कोंडीत हॉर्न, याला कोणी ताण घालवणे म्हणू नये. मिशिगन विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात झाडीत नुसते बसण्या-चालण्याची वीस ते तीस मिनिटे पुरली. तेवढ्यात लाळेतले कॉर्टिसॉल सर्वांत वेगाने उतरले. अट एवढीच होती की, त्या वेळात फोन नाही, वाचन नाही, व्यायामही नाही. पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी सावलीत वीस मिनिटे गप्प बसणारा पर्यटक आम्हाला फारसा दिसत नाही. गडावर वारा फार, म्हणून जिजाऊंसाठी महाराजांनी खाली पाचाडात वाडा बांधला असे सांगतात. प्रकृती बघून जागा निवडायची अक्कल साडेतीनशे वर्षांपूर्वीही होती.

चहाचेही ऐकून घ्या, कारण कोकणात चहाशिवाय कुठलाही विषय पुढे सरकत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ७५ पुरुषांना सहा आठवडे काळा चहा किंवा त्यासारखेच दिसणारे-लागणारे नकली पेय दिले. मग त्यांना मुद्दाम ताण दिला. पन्नास मिनिटांनी खऱ्या चहावाल्यांचे कॉर्टिसॉल ४७ टक्के उतरले होते, दुसऱ्यांचे २७ टक्के. बातमी आनंदाची आहे, पण तो चहा बिनदुधाचा होता. आपल्या टपरीवरच्या साखरेच्या पाकाला ही सवलत लागू होत नाही. दिवसातून सात-आठ कप ढोसले तर त्यातले कॅफीनच कॉर्टिसॉल वर ढकलते.

अश्वगंधेचेही छोटे अभ्यास आहेत आणि काहींत कॉर्टिसॉल कमी झालेले दिसते. तरी यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत, तेव्हा ती वैद्याला विचारूनच घ्यावी. खरा धोका त्याच्या पलीकडचा आहे. कॉर्टिसॉलचे कृत्रिम भाऊबंद म्हणजे स्टिरॉइड. १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सांध्यांनी जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेला माणूस चालू लागला. १९५०मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले. त्याच जातीचे औषध आज गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत मिसळलेले सापडते. आठवड्यात दुखणे पळते, वर्षभरात चेहरा चंद्रासारखा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आटोक्यात नसताना बेसुमार स्टिरॉइड घेतल्यावर काळ्या बुरशीने किती माणसे गाठली, हे महाराष्ट्र विसरला नसावा. ज्यांना कॉर्टिसॉलची खरोखर भीती बाळगायची आहे, त्यांनी आधी या पुड्यांची बाळगावी.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती सवय मात्र कुठल्याच जाहिरातीत नसते, कारण ती विकता येत नाही. २०००मध्ये कॅलिफोर्नियात एका गायकवृंदाच्या लाळेचे नमुने घेतले. तालमीत सगळे मिळून गाताना कॉर्टिसॉल ३० टक्के उतरले. प्रत्यक्ष कार्यक्रमात, श्रोत्यांपुढे, तेच गायक तेच गाणे गाताना ते ३७ टक्के चढले. गाणे एकच, गळे तेच. बदलले काय, तर कोणी जोखत होते की नव्हते.

ग्रामीण महाराष्ट्रात अशी तालीम रोज पहाटे घरोघरी होत होती. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात या पहाटेचा पुरावा आहे. अंधार, घरातले पुरुष झोपलेले, जात्याच्या खुंट्याला दोन बायांचे दोन हात, आणि घरघरीच्या लयीवर लांबवलेला श्वास. सासरचे, माहेरचे, मेलेल्या लेकराचे, न आलेल्या भावाचे सगळे त्यात ओतलेले. ऐकायला जोडीदारीण आणि जाते. जोखायला कोणी नाही. त्या बायांचे कॉर्टिसॉल कोणी मोजले नाही, आणि जात्यामुळे त्या सुखी होत्या असा दावा आम्ही करणार नाही. दळण हे कंबर मोडणारे काम होते. जाते परत आणा असे ज्यांना वाटते त्यांनी आधी महिनाभर घरचे पीठ दळून दाखवावे. गिरणी आली ते उत्तम झाले. पण गिरणीने दळण नेले तेव्हा तो तासही गेला, आणि त्याच्या जागी बाईला दुसरा तास कोणी दिला नाही.

हरिपाठ, गुरुवारचे भजन, गौरीच्या रात्रीची फुगडी, गणपतीतला बाल्या नाच, यांतून थोडेफार उरले आहे. बाल्या नाचाच्या आता स्पर्धा होतात, परीक्षक असतात, ढाल असते. होऊ देत, पण जिथे गुण मिळत नाहीत असा एक फेर तरी शिल्लक ठेवा.

तास कोणाकडे आहे, या प्रश्नापाशी सवयींचा सगळा उपदेश अडखळतो. रायगडावर जाणाऱ्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी ताक, लिंबू सरबत आणि काकडी विकणाऱ्या बाया बसतात. त्यातल्या कुणाहीकडे जरा बघा. ताकाचा डबा आणि बर्फ डोक्यावर घेऊन ती आपण निघायच्या आधीच चढलेली असते. त्याआधी धार काढलेली असते, भाकऱ्या झालेल्या असतात, मुलांची शाळेची तयारी झालेली असते. ती त्याच वाटेने, त्याच झाडीतून, त्याच वाऱ्यात चालते, जिथे वीस मिनिटे चालल्याने आपले कॉर्टिसॉल उतरते. तिचे उतरत असेल? तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो आणि हंडा घेऊन डोंगर उतरणारी बाईही निसर्गातच चालत असते. चालणे सारखेच, एकीने ते निवडलेले आहे, दुसरीवर ते येऊन पडलेले आहे. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या प्रसिद्ध पाहणीत वरच्या पदावरच्या साहेबांपेक्षा अगदी तळच्या शिपायांमध्ये हृदयविकाराने मरणारे कितीतरी जास्त निघाले होते. जबाबदारी साहेबावर जास्त, पण दिवस कसा घालवायचा हे शिपायाच्या हातात नव्हते.

म्हणून सवयींची पहिली सवय घरातल्या बाकीच्यांना लागायला हवी. दिवेलागणीनंतरचा अर्धा तास तिच्या हातात काम नाही, एवढे एक घरात ठरले तर त्यात ती झोपेल, मैत्रिणीकडे जाईल, भजनाला बसेल किंवा नुसती ओटीवर पाय सोडून बसेल. काय करायचे ते तिचे ती बघेल. आपण तिला प्राणायाम शिकवायला जाऊ नये. लोणावळ्यात १९२४मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून श्वासाला प्रयोगशाळेत नेले. सावकाश, लांब सोडलेल्या श्वासाने नाडी मंदावते हे आता वादाचे राहिलेले नाही. पण लांब श्वास सोडायला आधी बसावे लागते.

दुसरी सवय सरकारला लागायला हवी, आणि तिला नाव हिरकणीचेच आहे. एसटी स्थानकांत आणि सरकारी कार्यालयांत तान्ह्या मुलाला निवांत पाजता यावे म्हणून जे कक्ष केले, त्यांना हिरकणी कक्ष म्हणतात. कल्पना इतकी नेमकी आहे की, ज्याला सुचली त्याला आमचा नमस्कार. दार लावता येते, खुर्ची असते, कोणी बघत नाही, आणि काही मिनिटांपुरता प्रवास थांबतो. वर सांगितलेला जर्मन प्रयोग ज्या शांततेबद्दल आहे, ती शांतता चार भिंती आणि एक कडी एवढ्या खर्चात मिळते. पण ज्या कक्षाची किल्ली कंट्रोलरच्या खणात असते, किंवा ज्यात जुने फलक आणि मोडकी बाके रचलेली असतात, तो कक्ष म्हणजे पुन्हा सूर्यास्ताला बंद झालेला दरवाजाच. आपल्या गावच्या स्थानकातला कक्ष उघडा आहे का, हे वाचकांनी येत्या आठवड्यात जाता-येता बघावे आणि आम्हाला कळवावे.

दरडीखालच्या वाड्यांचे काय, याचे उत्तर योगासनात नाही. पर्जन्यमापक, वेळेवर इशारा, रात्री हलायला पक्की जागा आणि रखडलेले पुनर्वसन पुरे करणे, हेच तिथले कॉर्टिसॉल कमी करण्याचे उपाय. ज्याला आज रात्री कुठे जायचे ते ठाऊक आहे, तो पावसातही झोपू शकतो. आणि ज्यांना झोप महिनोन्‌महिने आलेलीच नाही, छातीत धडधड आहे, जगण्यात रस उरलेला नाही, त्यांना ‘जरा फिरून ये’ म्हणणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक कधीही लावता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, शाळेच्या भिंतीवर आणि रोपवेच्या तिकीटखिडकीजवळ लिहिलेला असावा.

राहिले कारखाने. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येता यावे अशी तरतूदही त्यात झाली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, कंत्राटी बाया धरून, अशी पाळणाघरे किती ठिकाणी चालू आहेत याची यादी कामगार खात्याने जाहीर करावी. रात्रपाळीची चक्रे दर आठवड्याला न फिरवता कशी लावता येतील, यावरही व्यवस्थापनांनी कामगारांशी बसून बोलावे. दिवाळीच्या बोनसची बोलणी आता सुरू होतीलच. या दोन बाबी त्याच टेबलावर, त्याच बैठकीत घ्याव्यात.